त्रेचाळिसावी ओटी

आश्विन आला. रानोमाळ भटकून आलेलं, गढूळ, रागीट पाणी आपल्या पात्रात परतलं आणि कृष्णा निवळली. काठाकाठाने गवताला पांढरे तुरे आले. आभाळ निळं, निळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर पिवळं ऊन. आणि त्या पूरधुतल्या, दवभिजल्या, शरदपीत सकाळी दरेघाटच्या बत्तीस पायऱ्यांपैकी वरच्या सात एकेक करून पाण्याबाहेर आल्या. बायकांनी त्या खराट्याने घासून काढल्या.

वर्षभर ही नदी गावाला पाणी देते, भाजी देते, मासे देते. म्हणून पूर ओसरला की ललितापंचमीला गाव तिची ओटी भरतं. काठावरून पाण्यात सोडून नव्हे. ओटी डोईवर बांधून पोहत न्यायची, पैलतीरावर कृष्णामाईच्या देवळात द्यायची आणि कोरडी द्यायची. वरचं फडकं भिजलं तर भिजू दे, आतले तांदूळ भिजता कामा नयेत. तांदूळ भिजले की नेणाऱ्याचा मान संपला, पुढच्या वर्षापासून दुसऱ्याचा. नियम एवढाच, पण पाऊण फर्लांग पाणी आणि मधोमध नदीची भरधाव धार.

सगुणा निकमने बेचाळीस ओट्या नेल्या होत्या. बेचाळीसच्या बेचाळीस कोरड्या.

पहिली नेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, शेवग्याच्या शेंगेसारखी सडसडीत. पाण्यात शिरली की पाणी तिला वाट द्यायचं. उजवा हात, डावा हात, उजवा हात, डावा हात. डोईवरची ओटी अशी स्थिर, की जणू नदी पोहते आहे आणि पोरगी जागच्या जागी आहे. पुढे लग्न झालं, दोन मुलगे झाले, पिठाची गिरणी आली. आश्विनामागून आश्विन गेले. गावातल्या निम्म्या पोरांच्या पाठीला वाळके भोपळे बांधून तिनेच त्यांना पोहायला शिकवलं. पोरं मोठी झाली, भोपळे सुटले, सगुणेची सगुणामावशी झाली.

आणि सगुणामावशी वाढली. गिरणीच्या काट्यावर दिवसभर पोती चढायची आणि कधीमधी, आसपास कुणी नसताना, मालकीणही चढायची. काटा एकावन्नावर थांबायचा, तो हळूहळू साठावर थांबू लागला, मग सत्तरावर. दीड वर्षापूर्वी ती गिरणीच्या पायरीवरून घसरली. डावा खांदा निखळला, गुडघ्याची वाटी फुटली, सहा महिने खाटेवर गेले. त्या वर्षी पूर दसऱ्यापर्यंत उतरलाच नाही, म्हणून ओटी घाटावरूनच वाहिली गेली. यंदा श्रावणात ती काट्यावर चढली तेव्हा काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला. तिने त्याला एक थाप मारून पाहिली. पोत्यांच्या बाबतीत तो काटा कधी चुकला नव्हता, तिच्याबाबतीतही चुकला नाही.

पोहायचं जुनं नऊवारी काढलं तर ते तिला आठवारी भरलं. कासोटा बसेना. तिने दुसरं जुनेर फाडून पट्टी जोडली आणि शिवताना स्वतःशीच हसली. पण ते हसू काही फार आतून आलेलं नव्हतं.

कारण तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता बस. मुलांनी फोनवर सांगितलं होतं, आई, आता बस. घाटावरच्या बायका तेच जरा गोडीत सांगत. या सगळ्यांना द्यायला तिच्याकडे एकच उत्तर होतं: ओटी न्यायची आहे ना. ओटी होती म्हणून पाणी होतं. ओटीचा मान गेला की पाणीही जाणार, आणि मग उरणार ती नुसती गिरणीवाली, पिठाने पांढऱ्या झालेल्या भिंतींमध्ये बसलेली. मानाचं तिला मेलं काय कौतुक? तिला पाणी हवं होतं.

तीन आठवडे ती रोज तांबडं फुटता फुटता नदीवर गेली. धुकं पाण्यावर अंथरलेलं असायचं आणि त्या धूसर, दुधाळ, अबोल पाण्यात ती हात मारून पाहायची. उजवा हात डोक्यावरून फिरे. डावा कानापर्यंत यायचा आणि तिथेच रुसून बसायचा. अर्ध्या नदीत दम लागायचा. रोज अर्ध्यातूनच ती परत फिरायची.

घाटाच्या सातव्या पायरीवर तिच्या चपला आणि पंचा मांडीवर घेऊन जगन्नाथराव बसलेले असत. तिचा नवरा. एकोणचाळीस वर्षं हा माणूस त्या पायरीवर बसत आला आणि एकोणचाळीस वर्षांत घोट्याच्या वर भिजला नाही. पाण्याची त्याला भीती वाटे आणि बायकोच्या पोहण्याचा अभिमान वाटे. दोन्ही गोष्टी तो उघडपणे सांगायचा.

पंचमीच्या आदल्या दिवशी ती संध्याकाळीही पाण्यात जाऊन आली आणि त्याच्याशेजारी येऊन बसली. नदीवर केशरी उजेड विझत होता, देवळाचा कळस शेवटचा विझला, आणि मग तो बोलला.

"मी काय नको जाऊ म्हणणार न्हाई. पण तू बुडालीस तर मला तुला काढता यायचं न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

सगुणेने पंच्याने केस पुसले.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "म्हणून तर येवढी वर्षं बुडाले न्हाई."

पंचमी उजाडली. हलगी कडाडली, घाट माणसांनी फुलला. हिरव्या खणात पाच मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर शेंडीचा नारळ. त्याला फडक्याची गाठ, खाली सुंभाची जाड चुंबळ टाचलेली. गुरवाने ते सारं सगुणेच्या डोईवर ठेवलं आणि फडक्याची टोकं हनुवटीखाली बांधली. बाजूला ऋतुजा मगदूम उभी होती. सगुणेच्याच हाताखाली पोहायला शिकलेली, राज्याच्या शर्यतीत पदक मिळवून आलेली, सव्वीस वर्षांची, लवलवती. ओटी भिजली तर पुढचा मान तिचा, हे सगळ्या घाटाला माहीत होतं. पण पोरीचा चेहरा असा उतरला होता, की जणू तिच्यावरच बालंट आलं आहे. खांद्याला दोरीने तिने एक वाळका भोपळा अडकवला होता. मावशीला लागलाच तर.

सगुणेने भोपळा पाहिला आणि पाहिला नाहीसं केलं.

ती पाण्यात उतरली. घोटा, पोटरी, गुडघा. दुखऱ्या गुडघ्याला गारवा लागला आणि तो बिचारा निवला. कंबर, छाती, गळा. मग पायांखालची पायरी सुटली, अठ्ठ्याऐंशी किलोंचा काटा सुटला, बासष्ट वर्षांची बेरीज सुटली, आणि पाण्याने तिला उचलून घेतलं. जमिनीवर जी पाच पावलं टाकताना धापा टाकी, ती बाई निळ्या, नितळ, नाचऱ्या पाण्यात पिसासारखी हलकी झाली. उजवा हात, आखडता डावा, उजवा हात, आखडता डावा. ओटी डुलत होती, पण कोरडी होती.

मग धार आली.

दुरून धार नुसती चकाकते, जवळ गेल्यावर ती ओढते. सगुणेला ती डावीकडे ओढू लागली. डावा हात जोराने मारायला हवा होता. तिने तो मारला आणि खांद्यात लखकन कळ उठली. हात तिथेच अडकला. पाणी हनुवटीला लागलं, मग ओठांना लागलं. फडक्याचं एक टोक भिजून जड झालं. घाटावरची हलगी थांबली.

भीती वाटली तिला. खोटं कशाला सांगावं? बुडण्याची नाही वाटली, बुडणं तिला येतच नव्हतं. तिला भीती वाटली ती उद्या सकाळची. तांबडं फुटेल, धुकं पाण्यावर अंथरलं जाईल, आणि आपल्याला नदीवर जायला काही कारण नसेल.

"मावशी, भोपळा घ्या," मागोमाग पोहत आलेली ऋतुजा कळवळून म्हणाली. "नुसता धरा. कोण काय म्हणणार न्हाई."

सगुणेने भोपळ्याकडे पाहिलं. गोल, फुगीर, गुळगुळीत, पाण्यावर निवांत तरंगणारा. मग तिने खाली, स्वतःकडे पाहिलं. आणि त्या धारेत, त्या कळेत, पाणी नाकाशी आलेलं असताना, सगुणामावशीला हसू फुटलं.

"ऱ्हाऊ दे गं पोरी," ती म्हणाली. "माझा भोपळा म्या घरनंच आणलाय."

पाय सायकल मारल्यासारखे चालवत ती धारेत उभी राहिली. चांगल्या हाताने तिने हनुवटीखालची गाठ सोडली, चुंबळीसकट ओटी उचलून उंच धरली, आणि डोकं मागे टाकून उताणी झाली. पाण्याबाहेर तिचं पोट आलं. गेली दीड वर्षं पदराआड लपवलेलं, काट्यावर आवळून धरलेलं, आरशासमोर चुकवलेलं ते गोल, प्रशस्त पोट नदीच्या मधोमध एखाद्या बेटासारखं वर आलं आणि वरच राहिलं. त्या बेटावर तिने ओटी ठेवली. खाली सुंभाची चुंबळ, वर फडकं, फडक्यातून डोकावणारी नारळाची शेंडी. ओटी जराशी हलली आणि पाटावर बसावी तशी बसली.

घाटावरच्या माना उंचावल्या. मग कुणीतरी हसलं, मग सगळा घाट हसला. हलगीवाल्याने हसत हसतच ठेका धरला. ऋतुजेचा उतरलेला चेहरा उजळला आणि ती पाण्यातच टाळ्या पिटू लागली.

आता हातांचं कामच नव्हतं. खांद्याला रजा. काम पायांचं, आणि गिरणी चालवणाऱ्या बाईच्या पायांत काही कमी जोर नसतो. पाय मारत, पाणी उडवत, डोकं पैलतीराकडे आणि पाय ऐलतीराकडे करून ती निघाली. पण जायचं कुठे, ते तिला दिसेना. पैलतीर पाठीमागे होता. दिसत होती ती फक्त सातवी पायरी.

सातव्या पायरीवर जगन्नाथराव उभे राहिले होते. चपला त्यांच्या हातातून कधी गळल्या, त्यांनाही कळलं नाही. त्यांनी पंचा उजवीकडे फडकावला. ती उजवीकडे सरकली. त्यांनी पंचा डावीकडे फडकावला. ती डावीकडे सरकली. पोहण्यातलं ओ की ठो न कळणारा तो माणूस पंचा हलवून बायकोला नदी पार करत होता. धोतर कमरेपर्यंत भिजलं होतं, कारण तो सातव्या पायरीवरून दहाव्या पायरीपर्यंत खाली आला होता. हेही त्याला कळलं नाही.

नारळाच्या शेंडीवर नवरा बरोबर दिसला की आपण सरळ चाललो आहोत, हे सगुणेच्या लवकरच ध्यानात आलं. शेंडी आणि नवरा, शेंडी आणि नवरा. तो लहान होत गेला. धार मागे पडली, पाणी संथ झालं. आणि मग तिची नजर सुटली ती थेट वर गेली.

वर आभाळ होतं. एवढं आभाळ! निळं, निवांत, नितळ. काठाला पांढऱ्या ढगांची झालर आणि मधे कुठेच काही नाही. एक बगळ्यांची माळ आली, तिच्या अंगावरून गेली. कानांत पाणी होतं, म्हणून जगाचा आवाज नव्हता. नुसता आपला श्वास, आत आणि बाहेर, आत आणि बाहेर. आणि प्रत्येक श्वासासरशी पोट वर, पोट खाली, ओटी वर, ओटी खाली. तिला इतकं सुख झालं, की पाय मारायचे दोन-तीनदा राहूनच गेले.

डोक्याला वाळू लागली. पैलतीर आला.

देवळातल्या बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन घोट्याघोट्या पाण्यात धावल्या. कुणी म्हणे उठ, कुणी म्हणे हात दे. सगुणा वितभर पाण्यात तशीच उताणी पडून राहिली.

"थांबा गं जरा," ती म्हणाली. "बेचाळीस वर्सं ह्या नदीत पैलतीरच बघत आले. आभाळ आजच बघितलंय."

तेवढ्यात बायकांची दाटी सारून सोनाई गुरवीण पुढे आली. देवळाची ओटी घेणारी, नव्वदीतली, कमरेत वाकलेली, बोलण्याला काटकसरी. ओटी डोईवरून यायची ती पोटावरून आली, हे चालतं का, असं कुणीतरी हळूच विचारलं. तांदूळ सांगतील, एवढंच म्हातारी म्हणाली. तिने तिथेच, सगुणेच्या पोटावरच, फडक्याची गाठ सोडली. नारळ बाजूला सारून खणात हात घातला आणि मूठ भरून वर काढली. ओले तांदूळ तळव्याला चिकटतात, कोरडे सुटतात. बायका त्या मुठीवर वाकल्या. ऋतुजा गुडघाभर पाण्यात श्वास धरून उभी राहिली.

म्हातारीने मूठ उघडली.

तांदूळ सुटले. शुभ्र, सडसडीत, सुटेसुटे. नारळावर वाजले, खणावर वाजले, सगुणेच्या ओल्या पोटावर टपटप पडले आणि तिला गुदगुल्या झाल्या. हसू आधी आत, खोल कुठेतरी हललं. मग ते पोटभर झालं, मग उरात मावेना, आणि सगुणा निकम कृष्णेच्या काठाला पाठ टेकून खदखदून हसू लागली. पोट हललं, पोटावरचा नारळ हलला. हलला, कलला, सावरला, पुन्हा डुलू लागला. वर निळं आभाळ, खाली निवळ पाणी, मधे हसणारी बाई आणि तिच्या हसण्यावर डुलणारा नारळ.