लेकीचं माप

लेकीचा सलग सहावा बॉल डावीकडच्या झाडांत घुसला, तेव्हा कोच सरांनी हातातली टोपी मांडीवर आपटली.

"मनगट! किती वेळा सांगायचं? मनगट वळतंय तुझं."

"नाही वळत, सर."

"मग बॉल काय स्वतःच्या मर्जीनं जातोय?"

कुंपणालगतच्या पत्र्याच्या वर्कशॉपमधून तिचे वडील, डॉक्टर, हे सगळे ऐकत होते. डॉक्टर म्हणजे काही खरेखुरे डॉक्टर नव्हेत. सत्तावीस वर्षे ते या मैदानावर गोल्फचे क्लब दुरुस्त करत होते. आजारी क्लब बरे करतो म्हणून कुणीतरी गमतीने ते नाव ठेवले, आणि मग ते चिकटले ते चिकटलेच. त्यांचा खरा हातखंडा होता तो शाफ्ट निवडण्यात. आयर्नची, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबची, ती पोलादी दांडी कुणाला कडक लागते आणि कुणाला मऊ, हे ते माणसाला नुसते खेळताना पाहून सांगत. जोरकस खेळणाऱ्याला मऊ शाफ्ट दिला तर बॉल डावीकडे पळतो. संथ खेळणाऱ्याला कडक दिला तर तो उजवीकडे जातो आणि अलीकडेच पडतो. गणित एवढेच, पण ते मान्य करताना भल्याभल्यांचा मान दुखावतो. पोट सुटलेला प्रत्येक गृहस्थ छाती पुढे काढून कडकच मागणार! म्हणून डॉक्टर शाफ्टवरच्या लेबलावर काळी पट्टी चिकटवूनच क्लब हातात देत. "आधी मारा, मग नाव विचारा," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

लेक आत आली आणि हातमोजा काढून तिने तो टेबलावर टाकला.

"बाबा, मी रविवारी जात नाहीये."

रविवारी संघाची निवड होती. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती, आणि या निवडीसाठी ती सहा वर्षे पहाटे उठत होती. गेले तीन महिने मात्र तिचा खेळ कुठेतरी बिनसला होता. मनगट सुधारता सुधारता पोरगी रडकुंडीला आली होती.

"आण इकडं तो सात नंबर," डॉक्टर म्हणाले. "क्लब बघतो आधी."

ते तिचा सात नंबरचा आयर्न घेऊन बाहेर आले. आपल्या हाताने मारून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. त्यांनी पाच बॉल मारले. पाचही सुतासारखे सरळ गेले.

"क्लब ठणठणीत आहे," ते म्हणाले.

"बघ," कोच सर म्हणाले.

"म्हणजे मीच बिघडलेय," लेक म्हणाली, आणि तिचा चेहरा पार उतरला. डॉक्टरांनी वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या आपल्या पिशवीतून स्वतःचा सात नंबर काढला आणि तिच्या हातात कोंबला.

"हे घे. मनगट नको, काही नको. नुसता राग काढ."

लेकीने खरोखरच राग काढला. बॉल गेला तो दीडशे यार्डांच्या पाटीवरून, नाकासमोर. तिने दुसरा मारला, तिसरा मारला. सगळे एकाच रेषेत. कोच सरांनी गुपचूप टोपी डोक्यावर चढवली.

डॉक्टर आपल्या हातातल्या, तिच्या क्लबकडे बघत राहिले. आता सगळा उलगडा झाला. त्यांच्या स्वतःच्या क्लबचा शाफ्ट अजून तरुणपणीचाच होता, कडक. ज्या शाफ्टने साठीच्या माणसाचा बॉल सरळ जातो, तो या पोरीला कसा पुरणार? क्लब ठणठणीत होता, पण डॉक्टरांच्या हातात. आपला हात कधी इतका संथ झाला, हे त्यांना कळलेच नव्हते. आणि हिचा हात कधी इतका जोरकस झाला, हे सगळ्या मैदानाला दिसत असूनही त्यांनी पाहिले नव्हते.

लेकीने त्यांच्या हातातून आपला क्लब घेऊन शाफ्टवरचे लेबल अंगठ्याने पुसून वाचले. मुलींसाठीचा, मऊ.

"बाबा, अख्ख्या जगाच्या लेबलावर पट्ट्या चिकटवता. माझ्या वेळी लेबल वाचून बसवलेत होय?"

"तू चौदा वर्षांची होतीस तेव्हा."

"मी वीस वर्षांची आहे."

"हो ना," डॉक्टर म्हणाले. "ते मैदानावर सगळ्यांना माहीत होतं."

बाकावर तीन-चार सभासद आपापले क्लब घेऊन ताटकळत बसले होते. डॉक्टरांच्या शब्दावर डोळे मिटून शाफ्ट बदलणारी माणसे. त्यांच्या देखत तोंड उघडायचे म्हणजे सत्तावीस वर्षांची पत पणाला लावणे होते. डॉक्टर घसा खाकरून मोठ्याने म्हणाले, "सर, तिचं मनगट पहिल्यापासून बरोबर होतं. माप माझं चुकलं. या मैदानावर हिच्याएवढ्या जोरानं आयर्न मारणाऱ्या दोन बायका दाखवा, मी दुकान बंद करतो."

चूक कबूल करणाऱ्या माणसाचा आवाज इतका चढा कुणी ऐकला नव्हता.

नवे शाफ्ट मागवायला दोन आठवडे लागले असते आणि हातात तीन दिवस होते. डॉक्टरांनी आपली पिशवी टेबलावर आडवी केली.

"तुमचे नको," लेक म्हणाली. "माझ्या उंचीला कापावे लागतील. कापले की तुम्हाला परत बसणार नाहीत."

"आत्ता तरी कुठं बसतायत?"

त्यांनी दोघांच्याही क्लबचे एकेक डोके तापवून गोंद सैल केला, शाफ्ट ओढून काढले, टोके घासली. कापायच्या खुणा लेकीला उभी करून पुन्हा पुन्हा तपासल्या. करवत पहिल्या शाफ्टवर ठेवली तेव्हा हात क्षणभर थांबला. मग चालला. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांचे शाफ्ट बसवलेले लेकीचे सगळे क्लब गोंद वाळायला भिंतीला टेकून उभे होते.

रविवारी डॉक्टर दोरीमागे उभे होते. शेवटच्या होलवर लेकीने सात नंबर काढला. बॉल उंच गेला, जराही न वळता झेंड्याजवळ उतरला, आणि डॉक्टरांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसले. "माझी मुलगी," ते म्हणाले. त्याने विचारलेही नव्हते. यादीत तिचे नाव दुसरे लागले.

सोमवारी सकाळी लेक वर्कशॉपमध्ये हजर.

"चला बाहेर. तुमच्या क्लबची नुसती डोकीच उरलीत."

तिने त्यांना तीन वेगवेगळ्या शाफ्टच्या आयर्नने बॉल मारायला लावले आणि कमरेवर हात ठेवून मागून बघत राहिली.

"हा नाही. हाही नाही. अजून एक पायरी मऊ."

"एवढा मऊ? अगं, मी काय..."

"बाबा."

डॉक्टरांनी तो मऊ क्लब उचलला. पुढचा बॉल सरळ गेला.

आत येऊन त्यांनी गिऱ्हाइकांच्या खोक्यातून कोरे कार्ड घेतले. वय, साठ. शाफ्ट, मऊ. शेवटचा रकाना 'माप कोणी घेतले' असा होता. आजवरच्या हजारो कार्डांवर तिथे त्यांचीच सही होती. डॉक्टरांनी चष्मा पुसला, आणि त्या रकान्यात सावकाश, ठळक अक्षरांत लिहिले: 'लेकीने'.