आक्षेप कुणीच घेतला नाही

कमळाकर साळवी एका वेळी एकाच विद्यार्थ्याची शिकवणी घेत. दुसरा आला तर त्याला दुसरा वार. जुईनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत दहा पोरं सहज मावली असती. समोरच्या बिल्डिंगमधल्या गणिताच्या क्लासवाल्यानं तर गॅलरीतसुद्धा बाकं टाकली होती. पण सर हटत नसत. "वर्गात पन्नास जण ऐकतात म्हणजे कुणीच ऐकत नाही," ते म्हणत. "एकटं बसवलं की ऐकावंच लागतं."

हा नियम समोरच्या खुर्चीसाठी होता. आपल्या खुर्चीलाही तो लागू पडतो का, हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं. त्यांची बायको मीना म्हणायची, "तुम्ही बोलायला लागलात की तुमचे कान रजेवर जातात." सर हसून सोडून देत. बायकोचं बोलणं हसण्यावारी नेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

प्रियदर्शिनी दिघ्याहून बसनं येई, मंगळवारी आणि शुक्रवारी. बारावी आर्ट्स, वय सतरा. राज्यशास्त्र बहुतेक पोरं दुसरं काही जमत नाही म्हणून घेतात. हिनं हट्टानं मागून घेतलं होतं. वडील गेल्यापासून ती आणि तिची आई चुलत्याच्या घरी राहत. चुलते हौसेराव साताऱ्याकडून आलेले. कारखान्यांत माणसं चिकटवून देता देता दिघ्यात त्यांचं चांगलं बस्तान बसलं होतं. ज्याला नोकरी लागली तो त्यांना दादा म्हणे, आणि ज्याला लागायची होती तो जरा जास्तच वाकून म्हणे. शिकवणी ठरवायला तेच आले होते. पुतणीच्या शिक्षणाचा त्यांना अभिमान होता, आणि तो चारचौघांत सांगण्याची सवयही. घरात मात्र त्याच अभिमानाचा सूर वेगळा लागे. कुणाच्या जिवावर शिकतेस, हे तिला रोज ना रोज ऐकावं लागे.

पंच्याण्णवच्या जानेवारीत महापालिकेची पहिली निवडणूक लागली आणि हौसेराव उभे राहिले.

त्याच आठवड्यात सर मतदानाचं प्रकरण शिकवत होते. हे त्यांचं लाडकं प्रकरण. दर निवडणुकीला शिक्षकांची ड्यूटी लागते. सरांच्या शाळेतले बाकीचे मास्तर ती रद्द करून घ्यायला धडपडत, साळवीसर आदल्या रात्री शर्टाला इस्त्री करत. पेटी, शाई, मतपत्रिका, खोलीत बसलेले उमेदवारांचे एजंट, सगळं ते असं रंगवून सांगत की पुस्तक बाजूला पडे.

प्रियदर्शिनीनं मधेच विचारलं, "सर, एखादीला घरच्यांनीच दुसरीच्या नावावर मत टाकायला पाठवलं, तर?"

सर खूश झाले. "वा! चार मार्कांना येऊ शकतो. लिहून घे. अशा व्यक्तीस तोतया मतदार म्हणतात. उमेदवाराचा प्रतिनिधी तिच्यावर आक्षेप घेऊ शकतो. केंद्राध्यक्षालाही शंका आल्यास तो चौकशी करतो."

"आणि तिला परत पाठवतो?"

"पाठवतो काय, पाठवायलाच हवं! अधोरेखित कर."

तिनं अधोरेखित केलं. मग पेन थांबवून म्हणाली, "आणि तिला स्वतःलाच जायचं नसेल, तर?"

"ते अभ्यासक्रमात नाही," सर म्हणाले, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मतदानाच्या दिवशी सरांना केंद्राध्यक्ष म्हणून दिघ्यातलीच शाळा आली. सकाळपासून रांग होती. पहिला कर्मचारी मोठ्यानं नाव वाची, दुसरा बोटाला शाई लावी, तिसरा मतपत्रिका देई, आणि सर सगळ्यांवर नजर ठेवून टेबलामागे बसलेले. भिंतीला टेकून दोन्ही बाजूंचे एजंट. विरुद्ध बाजूचा एजंट म्हणजे बाहेरून आणलेला पोरगा. कोण कुणाची लेक, कुणाची सून, त्याला काही ठाऊक नव्हतं. दुपारनंतर तर तो डोळे उघडे ठेवून झोपला होता.

"वैशाली हौसेराव शिर्के, वय बावीस," कर्मचाऱ्यानं पुकारलं.

सरांनी मान वर केली. टेबलासमोर प्रियदर्शिनी उभी होती.

वैशाली म्हणजे हौसेरावांची थोरली. लग्न होऊन ती कराडला गेली होती, यादीतलं नाव मात्र दिघ्यातच राहिलं होतं. हे सरांना माहीत होतं, कारण बहिणीच्या लग्नासाठी प्रियदर्शिनीनं तास बुडवला होता.

ती सरळ त्यांच्याकडे पाहत होती. डोळे खाली नाहीत की इकडेतिकडे नाहीत. बोट पुढे करायला सांगितलं तरी तिचा हात बाजूलाच होता.

कायदा सरांना पाठ होता. पण माणसाला पाठ असलेल्यातलं नेमकं सोयीचं आधी आठवतं. आक्षेप एजंटानं घ्यायचा, हे वाक्य त्यांना आठवलं. केंद्राध्यक्षालाही शंका आल्यास, हे पुढचं वाक्य कुठेतरी मागे राहून गेलं. चौकशी केली तर दाराशी पोलीस आहे. पोरीचं नाव चौकीत जाईल, परीक्षा तोंडावर आलीय, बिचारीचा जन्म वाया जाईल. गप्प बसणं हीच तिच्यावरची माया, असं त्यांनी क्षणात ठरवून टाकलं. हौसेरावांशी वाकडं यायला नको, हा विचारही त्या मायेच्या आडोशाला बसला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"कुणाचा आक्षेप?" त्यांनी एजंटांना विचारलं. आवाज जरा हळूच निघाला.

कुणी काही बोललं नाही.

"पुढे चला," सर म्हणाले आणि समोरच्या कागदात पाहू लागले.

शाईवाल्यानं तिचा हात ओढून घेतला. ती आडोशामागे गेली, शिक्का मारून आली, घडी पेटीत टाकली. जाताना तिनं पुन्हा पाहिलं की नाही, हे सरांना सांगता आलं नसतं.

घरी येऊन त्यांनी मीनाला सगळं सांगितलं. सांगताना छाती जराशी फुगलीच होती. "आज एका पोरीला वाचवलं मी."

मीना भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "ती वाचवा म्हणाली होती?"

"सगळ्यांसमोर कशी म्हणेल?"

"मग तुम्हाला कसं कळलं कशापासून वाचवायचं ते?" एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर टाकली.

हौसेराव निवडून आले. गुलालाची गडबड सरल्यावर प्रियदर्शिनी शिकवणीला आली. बोटावरची शाई नखाशी काळी पडली होती. सरांनी पुस्तक उघडलं आणि नेहमीपेक्षा गोड आवाजात विचारलं, "काय, झालं ना सगळं नीट?"

"तुम्ही ओळखलंत ना मला?"

"अगं, ओळखलं म्हणूनच तर गप्प बसलो. टेन्शन घेऊ नकोस. मी कुणाला बोलणार नाही."

तिनं वही मिटली. मग बोलायला लागली. आवाज चढलेला नव्हता. पाठ केलेलं उत्तर द्यावं तसा सपाट होता.

"मी सकाळपासून झोपून होते, सर. डोकं दुखतंय म्हणून. काका तीनदा येऊन गेले. आई म्हणाली, जा गं बाई, त्यांचं खातो आपण. मी नाही उठले. मग काका म्हणाले, आत तुझेच साळवी मास्तर बसलेत. तेव्हा उठले. म्हटलं, सर परत पाठवतील. घरी येऊन सांगता येईल, मी गेले होते, सरांनीच परत पाठवलं. मला नाही म्हणता येत नाही त्या घरात. तुम्हाला म्हणता आलं असतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही चार मार्क दिलेत."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मीना ऐकत होती, हे दोघांनाही कळलं.

"पुढच्या महिन्यात विधानसभा आहे," प्रियदर्शिनी म्हणाली. "काका म्हणतात, पोरगी तयार झाली. वैशालीताईचं नाव आहेच यादीत."

त्या दिवशी तास झाला नाही. ती गेल्यावर सर बराच वेळ समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसले. मग मीनाला म्हणाले, "दिघ्याला जाऊन येतो रविवारी."

"जा," मीना म्हणाली. "आणि गेल्यावर आधी बोला. चहा येईपर्यंत थांबू नका, मग तुमच्यानं व्हायचं नाही."

हौसेरावांच्या घराबाहेर चपलांचा ढीग होता. आता ते नगरसेवक होते. त्यांनी सरांना पाहताच बाकीच्यांना वाटेला लावलं. "या, या, मास्तर! अहो, तुमचे उपकार हायेत आमच्यावर. च्या टाका गं!"

"चहा नको," सर म्हणाले. उभ्यानंच म्हणाले. "प्रियदर्शिनीला विधानसभेला पाठवू नका. तिचं वय नाही, आणि ते नाव तिचं नाही."

हौसेराव हसले. मनापासून हसले. "आवो, त्या दिवशी कागद कुनी दिला? तुमीच न्हवं?"

"मीच दिला."

"मंग? बसा वो. मला म्हाईत हुतं तुमी देनार. शिकवनी ठरवाया आलो तवा तुमी मला खुर्ची दिली आन् सोता स्टुलावर बसला. म्या तवाच वळखलं, मानूस सोयीचा हाय. आत साळवी मास्तर हायेत म्हनलं तवा तुमच्या खोलीच्या यादीतली आनखी दोन नावंबी बिनघोर धाडली."

त्या दिवशी दोघांनी सरांवर भरवसा टाकला होता. पोरीला वाटलं होतं, सर अडवतील. चुलत्याला खात्री होती, अडवणार नाहीत. पोरगी आठवड्यातून दोनदा समोर बसत होती, तरी तिचा अंदाज चुकला. चुलत्यानं एकदाच पाहिलं होतं, आणि त्याचा अंदाज बरोबर निघाला.

"तुमचा हिशेब बरोबर होता," सर म्हणाले. "पण पुढचा चुकेल. ती त्या दिवशी रांगेत दिसली, तर मी स्वतः तिथे येऊन सांगेन. मागचंही सांगेन. मी ओळखून कागद दिला, हेही सांगेन. माझी नोकरी जाईल, ते मी पाहून घेईन. तुमचं पद राहतं का, ते तुम्ही पाहा."

हौसेरावांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. माणसं तोलण्यात त्यांची हयात गेली होती, आणि आता ते समोरच्या माणसाला पुन्हा एकदा तोलत होते. आतल्या दाराशी प्रियदर्शिनी आणि तिची आई उभ्या होत्या.

"न्हाय धाडत," शेवटी ते म्हणाले. "पन हिचं तुमच्याकडं येनं आजपासून बंद. आन् तुमचं पाऊल हितं नको."

"परीक्षेला बसू द्या तिला."

"ते माझ्या घरातलं हाय."

सर उंबऱ्याबाहेर आले आणि त्या ढिगात आपल्या चपला शोधू लागले. मागून प्रियदर्शिनी आली. "सरांना रिक्षापर्यंत सोडून येते," ती आत न पाहता म्हणाली. हौसेराव हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

कारखान्याच्या भिंतीकडेनं दोघं चालत राहिली. ती अर्धं पाऊल पुढे होती.

"शेवटची दोन प्रकरणं राहिलीत," सर म्हणाले.

"वाचेन मी."

"अडलं तर?"

"अडलं तर अडलं." थोडं चालून ती म्हणाली, "काकांना गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं."

सरांना वाटलं, ती आणखी काही बोलेल. तिलाही बहुधा सरांबद्दल तसंच वाटत होतं.

"उशिरा आलात पण, सर," ती म्हणाली.

"हो."

नाक्यावर एक रिक्षा उभी होती. सर आत बसले. प्रियदर्शिनीनं ओढणी सारखी केली आणि परत वळली. त्या घरात आता तिला संध्याकाळचा चहा करायचा होता, आणि काकांच्या हातात कप ठेवताना खाली पाहायचं की वर, हे तिचं तिलाच ठरवायचं होतं.