फ्रीजरमधलं दूध

पियुषने यंदा उन्हाळ्याआधीच इन्व्हर्टर बसवला. गेल्या वर्षीच्या वादळात नागपूरकडचं त्यांचं सगळं बेसा दोन दिवस अंधारात होतं, ते त्याने मनावर घेतलं होतं. आता लाइट गेली तरी पंखे फिरत, दिवे लागत, वायफायसुद्धा चाले. फ्रिज मात्र त्यावर नव्हता, आणि ते रविवारी संध्याकाळी झाड तारांवर कोसळेपर्यंत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

फ्रीजरमध्ये भारतीचं दूध होतं. अंकुर पाच महिन्यांचा. मंगळवारपासून तिला पुन्हा बँकेत जायचं होतं. महिनाभर पहाटे तो एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूला पंप लावून तिने ते साठवलं होतं. पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या रचलेल्या. फ्रीजर उघडला की तिला श्रीमंत झाल्यासारखं वाटे.

"काहून उघडून राहिली वं घडीघडी?" सासूबाईंनी विचारलं.

"फक्त बघते, आई."

"पाहून पाहूनच वितळवशील तू त्याले."

सोमवारी सकाळी पिशव्या थंडगार होत्या, पण मऊ पडल्या होत्या. पियुष बर्फ आणायला गेला आणि घाम पुसत रिकामा परत आला. "आज साऱ्यांलेच बर्फ पाहिजे," तो म्हणाला.

वितळलेलं दूध पुन्हा गोठवायचं नाही, एका दिवसात संपवायचं, हे भारतीला पाठ होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आता उद्या कशी जाऊ मी?"

"उद्याचं मंग पाहू," सासूबाई म्हणाल्या. "आज हे कोण पाजीन?"

"मी आहे ना घरी."

"तू घरी असल्यावर तो काहून हे पिईन? माझ्या हातून एकदा तरी पाजून पाहिलं का?"

पाहिलं नव्हतं. पिशव्यांवर तारखा घातल्या होत्या, जुन्या पुढे, नव्या मागे लावल्या होत्या. पाजायची वेळ आली की मात्र उद्या बघू म्हणत तिने दर वेळी अंकुरला स्वतःच जवळ घेतलं होतं.

सासूबाईंनी कपाटातून चांदीचं बोंडलं काढलं. लहानपणी पियुष त्यातूनच दूध प्यायचा. बोंडलं उकळायला टाकून त्या म्हणाल्या, "जाय खाली. पर्स घे, ऑफिसले निघाल्यावानी."

"आई!"

"तुझा वास आला तर तो माझ्याकडे पाहणारबी नाही."

लिफ्ट बंद होती. चार मजले उतरून भारती पार्किंगमध्ये आपल्या स्कूटीवर जाऊन बसली. लिफ्ट नाही, मोटर नाही, कुणाचा कूलर नाही. बिल्डिंग इतकी गप्प होती की अंकुरचं रडणं खालपर्यंत स्पष्ट येत होतं. ते चढत गेलं, मधेच ठसका लागल्यासारखं अडकलं, पुन्हा सुरू झालं. तिचा कुर्ता पुढून ओला झाला. तिने ओढणी सारखी केली. ती दोनदा उठली आणि दोनदा बसली.

मग रडणं थांबलं.

ती वर बघत राहिली. गॅलरीतून पियुष वाकला.

"भारती, पिऊन राहिला! आई म्हणते, वर येऊ नको!"

तिने मान हलवली. पर्स मांडीवर घट्ट धरून ती तशीच बसून राहिली, कान वर लावून. तेवढ्यात लाइट आली. पाण्याची मोटर घरघरली, एकेका खिडकीतला कूलर सुरू झाला, आणि वरचं काहीच ऐकू येईनासं झालं.