एस्तेरमावशींचा सूर

गीत सुरू होईना.

पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला, सगळे उभे राहिले आणि नुसतेच उभे राहिले. जुन्नरमधल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये हार्मोनियम वाजवणारं कोणी उरलेलं नाही. कित्येक वर्षं पहिली ओळ एस्तेरमावशी एकट्या उचलायच्या आणि बाकीचे त्यांच्या मागून जायचे. आज त्या वेदीसमोर शवपेटीत होत्या, आणि सवयीने सगळे त्यांचीच वाट बघत होते. खिडकीतून आलेल्या उन्हात धुळीचे कण तरंगत होते. तेही खाली उतरायचं विसरल्यासारखे.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मावशींनी मला शेजारी बसवून गायला शिकवलं होतं. हे गीत त्यांचं सर्वांत आवडतं. ते न म्हणता त्यांना इथून न्यायचं, हे कोणालाच सोसलं नसतं.

मी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला माझ्यामागे दोन-तीन मुलींचेच आवाज होते. मग तेही थांबले.

"लई वर धरलंस, पोरी," गेणभाऊ म्हणाले. चर्चची घंटा अजून तेच वाजवतात. "येस्तरबाई आसती तर चिमटा काढला आसता तुला."

पलीकडच्या बाकावर कोणीतरी रडता रडता हसलं.

तो चिमटा माझ्या दंडाला ठाऊक होता. मावशी वसतिगृहात स्वयंपाक करायच्या; रविवारीही त्यांच्या हाताला फोडणीचा वास असायचा. गीताआधी त्या मान वळवून सगळ्या बाकांवरून सावकाश नजर फिरवायच्या. मला वाटायचं, हजेरी घेतात. एकदा विचारलंच.

"हजेरी कशाला? कोन आलंय ते बघती. गेणभाऊचा आवाज खालचा. येडगावची शेवंता खोकतीया. ह्यांना जमंल तिथनं धरायचं."

"पण मावशी, मला फार खाली पडतं ते."

"पडू दे. तू तरनी हाईस. वाक की जरा."

त्यांचं सगळंच असं होतं. निरगुडसरला कुणी बाळंतीण एकटी आहे असं कळलं, की त्या एसटीने जाऊन आठवडाभर तिच्याकडे राहायच्या आणि परत आल्यावर सांगायच्या ते फक्त तिथल्या म्हशीचं कौतुक.

आता मीही मावशींसारखी मान वळवली. पिंपळवंडीहून आलेल्या बायकांचे घसे रडून बसले होते. गेणभाऊ बाकाला धरून उभे होते. दारात चपला काढून जैबुन्निसाचाची उभी होती, मावशींची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण.

"म्हन गं बेटा," चाची म्हणाली. "रोज भिंतीपल्याडनं ऐकलंय म्या. आमी येतो मागनं."

मी इतक्या खालून धरलं, की पहिला शब्द मला स्वतःलाच नीट ऐकू आला नाही. पण दुसऱ्या शब्दाला गेणभाऊ आले. मग पिंपळवंडीच्या बायका. दारातून चाचीचं गुणगुणणं आलं, शब्दांशिवाय. लाकडी बाकावर ठेवलेल्या माझ्या बोटांना गीत आधी जाणवलं, कानांना नंतर.

शेवटचं कडवं झालं तरी कोणी थांबलं नाही. गीत पुन्हा पहिल्या कडव्यावर आलं, आणि तसंच गात मावशींना उचललं.

कबरस्थानाची वाट अरुंद आहे. माणसं खूप होती, रांग लांबत गेली. आवाजाला अंतर कापायला वेळ लागतो, एवढं मी शिकले आहे. पण इथे नुसता तेवढाच वेळ लागत नव्हता; मागचे ऐकून मग गात होते आणि आणखी मागे पडत होते. पुढच्यांचं कडवं संपायचं तेव्हा मागचे अजून मधल्या ओळीत असायचे. एकाच गीताची हळूहळू दोन गीतं झाली. कुणाच्याही मातीला जाताना मावशी रांगेच्या मधोमध चालायच्या, दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा. आज त्या सर्वांच्या पुढे होत्या.

द्राक्षबागेच्या वळणावर खांदेकरी थांबले. कोणी सांगितलं नव्हतं. पुढचे सगळे गप्प झाले. बागेच्या पलीकडून, न दिसणाऱ्या माणसांकडून, शेवटची ओळ हळूहळू चालत आली.

ती पोचली, तेव्हा खांदेकऱ्यांनी खांदा बदलला.