डेल्फिनचं बोलावणं

रविवारची प्रार्थना आटोपली की इगसोरोतले लोक पूर्वी कोंबड्यांच्या झुंजीला जात. त्या पावसाळ्यानंतर मात्र सगळा गाव लुनोकच्या वळणावर लोटू लागला. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात मोबाईल.

डोंगररस्त्यावरचं ते सगळ्यांत वाईट वळण. कडेला दरीत पारंब्या सोडून उभं असलेलं लुनोकचं जुनं झाड, झाडाखाली सगळे ज्याला तातय, म्हणजे बाबा, म्हणत त्या मांत्रिक सिल्वेरियोची झोपडी, आणि खाली खोल कुठंतरी न दिसणारं, नुसतं ऐकू येणारं पाणी. तिथं फोनला रेंजचा टिपूसही नव्हता. आणि नेमके तिथंच लोकांचे फोन आपोआप बोलत.

"रेटू नका. मंतरलेले फोन पुढं, बिनमंतरलेले मागं," सिल्वेरियो गळ्यातल्या ताईतांची माळ सारखी करत सांगत होता. "मेलेला माणूस आहे, बाजारातला कोळी नव्हे. ओरडलात तर बोलणार नाही."

गर्दी चिडीचूप झाली. आणि एका म्हातारीच्या पिशवीतून आवाज आला. तो संपतो न संपतो तोच दुसऱ्याच्या खिशातून, मग तिसऱ्याच्या. एकाच माणसाचा आवाज दहा ठिकाणांहून, थोडा पुढंमागं, जणू दरीच बोलत होती.

"थांबा. घाई करू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. खाली पाणी वाहतंय, ऐकू येतंय? मी तुम्हाला तिथंच नेणार आहे. या, माझ्या मागून या. मुलांचा हात मात्र घट्ट धरा."

बायकांनी छातीवर क्रूस काढले. एकीनं आपल्या पोराला पदराखाली घ्यावं तसं पोटाशी ओढून घेतलं.

गर्दीच्या मागच्या टोकाला लेर्मा उभी होती. आवाज तिच्या नवऱ्याचा होता. डेल्फिनचा. पाहुण्यांना जीपमधून डोंगर दाखवणारा तिचा नवरा पावसाळ्यात ह्याच वळणावर दरड कोसळून जीपसकट खाली गेला होता. त्याला पुरलं तेव्हा ती स्वतः तिथं होती. मूठभर माती तिनंच आधी टाकली होती.

"लेर्मा, पुढं ये," सिल्वेरियोनं तिला हेरलं. "सगळ्या गावाशी बोलतो तो, आणि बायकोनं लांब उभं राहायचं? आण तुझा फोन. तेल लावून देतो."

"नको, तातय. मला भीती वाटते."

"भीती वाटलीच पाहिजे. भीती ही श्रद्धेची थोरली बहीण. आण." त्यानं फोन घेतला नि झोपडीच्या दारात थबकला. "हे काय, कुलूप? काढून दे बाई. देवापुढं कसलं कुलूप."

बराच वेळ आत धूर, पुटपुट. मग फोन लाल फडक्यात गुंडाळून परत आला. "आज तो दमलाय. एकदा बोलला की दमतो, पुन्हा मंतरून घ्यावं लागतं. पण पुढच्या वेळी तू इथून जाशील तेव्हा तुझ्याशी बोलेल. आणि तो बोलला तर ऐक. लांगिन म्हाताऱ्यानं ऐकलं नाही."

लांगिन म्हातारा छातीत कळ आली म्हणून शहरातल्या इस्पितळात निघाला होता. वळणावर मुलाचा फोन बोलला, तशी सगळे घाबरून गाडीतून उतरले. म्हाताऱ्याला सिल्वेरियोच्या झोपडीत ठेवलं, पाला बांधला, धूर दिला. तो तिथंच गेला. डेल्फिननं नेला, असं सिल्वेरियोनं जाहीर केलं, आणि शहराकडं निघाला होता म्हणून नेला, असंही. हाक ऐकून थांबलेला माणूस निघाल्याबद्दल कसा नेला, हे कुणी विचारलं नाही. घाबरलेला माणूस हिशेब विचारत नाही, आणि सिल्वेरियोच्या झोपडीमागं मोबदल्यात आलेल्या कोंबड्यांची खुराडी वाढत होती.

त्याच आठवड्यात लेर्माच्या मुलीला, लिनला ताप भरला. पोर सात वर्षांची. डोळ्यांमागं दुखतंय म्हणायची, अंगावर लाल ठिपके. आरोग्यकेंद्रातल्या नर्स ओफेलियानं तपासलं आणि सरळ सांगितलं, "हा डेंग्यू दिसतोय. इथं माझ्याकडं काही नाही. आजच्या आज खाली शहरात ने."

लेर्मानं भावाची तीनचाकी काढली, लिनला पांघरुणात गुंडाळून मोटारसायकलला जोडलेल्या बाजूच्या टपात निजवलं आणि निघाली. वाटभर ती मनात प्रार्थना म्हणत होती. मुलीसाठी थोडी, वळणासाठी जास्त. लाल फडक्यातला फोन टपातल्या पिशवीत होता. फेकून द्यावा असं दोनदा मनात आलं. नवऱ्याचा आवाज कसा फेकायचा?

वळणाचं झाड दिसलं आणि फोन बोलला.

"थांबा. घाई करू नका."

तिचा हात आपोआप ब्रेकवर गेला.

"मी तुम्हाला तिथंच नेणार आहे. या, माझ्या मागून या. मुलांचा हात मात्र घट्ट धरा."

लिननं तापानं जड झालेले डोळे उघडले. "पापा बोलावतोय," ती म्हणाली. "आई, मला नाही जायचं खाली पाण्यात."

पुढं जावं तर डेल्फिन मुलीला नेईल, मागं जावं तर ताप. ती रस्त्यातच बसली. सिल्वेरियो वाटच बघत असल्यासारखा झोपडीतून बाहेर आला आणि त्यानं पोर उचलली.

"पुढं पाऊल टाकू नकोस. बापाला लेक हवी आहे. इथं माझ्या छायेत राहील तोवर त्याची सत्ता चालणार नाही."

झोपडीत पाला जाळून धूर केलेला. लिन खोकायची, तोंडातला लुगावचा, तांदळाच्या पेजेचा घोट ओकून टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नाकातून रक्त आलं. सिल्वेरियो म्हणाला, विष बाहेर पडतंय. लेर्मानं ते आपल्या रुमालानं पुसलं आणि मान डोलावली. तिचं डोकं चालेनासं झालं होतं. पाण्याचा आवाज ऐकू आला तरी ती मुलीचा हात धरायची.

दुपारी शहराकडून येणारी बस वळणावर थांबली आणि पेर्लिता उतरली. डेल्फिनची थोरली बहीण, शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. ओफेलियानं तिला निरोप धाडला होता. तिनं झोपडीत डोकं घातलं, लिनच्या कपाळाला हात लावला, ठिपके पाहिले आणि चेहरा दगडासारखा केला.

"उचल तिला. चल."

"मानांग, नाही जाता येत," लेर्मा म्हणाली. थोरल्या नणंदेला ती मानांगच म्हणायची. "तो वाट अडवतो. मी माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणाला, तुम्हाला तिथंच नेणार आहे. म्हणाला, माझ्या मागून या, मुलांचा हात धरा."

"तुम्हाला? असं म्हणाला?"

"हो."

"कुठल्या भाषेत?"

हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. "तागालोगमध्ये," ती हळू म्हणाली. "टीव्हीवर बोलतात तशी. अदबीनं."

"जन्मात डेल्फिन तुझ्याशी तागालोग बोलला होता?"

"नाही. घरी तो आपल्या बोलीतच... आणि मला तर 'ए काळे' म्हणायचा."

"मग बायकोला बोलवायला मेलेला माणूस मनिलाची भाषा कशाला शिकेल?"

"मेल्यावर सगळ्यांची भाषा एक होते," दारातून सिल्वेरियो म्हणाला. बाहेर पाचपंचवीस माणसं जमली होती, ती मान डोलावू लागली. "मॅडम, तुमच्या फोनमधून तो का बोलला नाही बरं? सख्खी बहीण तुम्ही. श्रद्धा नाही ना."

"श्रद्धा नाही हे खरं. माझा फोन तुमच्या झोपडीत गेलेला नाही हेही खरं." पेर्लिता लेर्माकडं वळली. "तो म्हणाला ना, माझ्या मागून खाली या? कुणी गेलं होतं खाली?"

डेल्फिन गेल्यापासून कुणीच गेलं नव्हतं. सिल्वेरियोनं पायवाटेवर काटेरी वेलींची जाळी टाकली होती. खाली जाईल तो परत येत नाही, असं त्याचं सांगणं.

"ओफेलिया येतेय मागून, ती लिनपाशी बसेल. तो फोन घे. आपण जाऊ."

"मानांग, मी मरेन."

"मग दोघी मरू. माझाही भाऊच आहे तो."

लेर्मा कशी उतरली हे तिला नंतर सांगता आलं नाही. जाळी बाजूला ओढताना हात ओरबाडले. वाट शेवाळलेली, पारंब्या अंगाला लागायच्या तेव्हा कुणीतरी खांद्याला धरतंय असं वाटायचं. पाण्याचा आवाज वाढत गेला. वर लोक काठावर ओणवून बघत होते, कुणी तिचं नाव घेऊन परत फिर म्हणत होतं. अर्ध्या वाटेवर ती थांबली, झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि म्हणाली, नाही. पेर्लितानं ओढलं नाही. फक्त पुढं हात करून उभी राहिली, तिचाही हात थरथरत होता. तो थरथरणारा हात बघूनच लेर्मा पुढं सरली.

झाडी संपली. समोर धबधबा, हिरवा डोह, ऊन. आणि तिच्या मुठीतला फोन बोलला.

लेर्मा डोळे मिटून ऐकत राहिली.

"आलात? शाबास. दमला असाल तर त्या चपट्या दगडावर बसा, माझी बायको तिथंच बसते. हा आमचा धबधबा. लहान मुलं असतील तर डोहाच्या डाव्या कडेला जाऊ नका, तिथं खोल आहे, म्हणूनच हात धरा म्हटलं. परत वर गेलात की पुढचा थांबा जुन्या चर्चचा, गाडीनं पाऊण तास. तिथं पोचलात की मी आपोआप बोलेन. रेंज नसली तरी काळजी नको. आणि हो, सफर आवडली तर पाच तारे द्यायला विसरू नका."

पाणी पडत राहिलं. पेर्लिता आधी हसली आणि मग तिथंच बसून रडली. लेर्मा चपट्या दगडाकडं बघत होती. पावसाळ्याआधी शहरातली दोन मुलं डेल्फिनला चार दिवस घेऊन गेली होती. त्याच्याकडून डोंगरातल्या गोष्टी ऐकायच्यात म्हणाली होती. तिला वाटलं, पुस्तक लिहीत असतील.

वर आल्यावर पेर्लितानं लोकांसमोर फोन उघडला. तेलकट काचेवर एक छोटं चित्र होतं, डोंगर आणि गाडीचं. "हे बघा. ज्यांना वाटाड्या नको, स्वतःच गाडी घेऊन फिरायचंय, त्या पाहुण्यांसाठी हे केलंय. डेल्फिननं जिवंतपणी सगळं बोलून ठेवलं. ते फोनमध्ये आधीच भरलेलं असतं. आपण कुठं आहोत हे फोनला आभाळातल्या उपग्रहांवरून कळतं, त्याला रेंज लागत नाही. ठरलेली जागा आली की त्या जागेचं बोलणं सुरू होतं. एकदा वाजलं की परत चालू करावं लागतं. त्यालाच हा माणूस मंतरणं म्हणतो. ज्याचा फोन झोपडीत गेला त्याचाच बोलतो, बाकी कुणाचा नाही. तपासून बघा."

लोकांनी आपापले फोन काढले. डोंगर आणि गाडी, प्रत्येकात. लांगिनच्या मुलानं ते चित्र बघितलं आणि सिल्वेरियोसमोर जाऊन उभा राहिला.

"तातय, तुमचा फोन दाखवा."

"तो पवित्र आहे."

"देवापुढं कसलं कुलूप," मागून एक म्हातारी म्हणाली. कुणी हसलं नाही.

"एक गाडी थांबली होती इथं," सिल्वेरियो पुटपुटला. "पाहुण्यांची. त्यांच्या फोनमधून डेल्फिन बोलला तेव्हा मी झोपडीत पळालो, देवाशपथ. त्यांनीच मग हसत हसत मला दाखवलं, माझ्या फोनमध्ये घालून दिलं. माझ्या फोनवरून बाकीच्यांच्या फोनमध्ये घालणं सोपं होतं. मी वाईट कुणाचं केलं नाही. लोक येत होते, त्यांना बरं वाटत होतं."

"माझ्या बापाला बरं वाटत होतं?" लांगिनच्या मुलानं विचारलं.

उत्तर ऐकायला लेर्मा थांबली नव्हती. ती झोपडीत शिरून लिनला घेऊन बाहेर आली होती. एरवी वाट अडवणारी माणसं स्वतःहून बाजूला झाली, दोघांनी तीनचाकी ढकलून रस्त्यावर आणली. ओफेलिया पोरीला मांडीवर घेऊन टपात बसली, पेर्लिता मागं.

फोन बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. जुन्या चर्चपाशी डेल्फिन पुन्हा बोलला. घंटा चोरायला आलेल्या चाच्यांची थाप त्यानं अशी रंगवली होती की लिनच्या सुकलेल्या ओठांवर काहीतरी हललं.

"आई, पापा फोनच्या आत आहे?"

लेर्माला रस्ता धूसर दिसत होता. तिनं गाडीचा वेग कमी केला नाही. "नाही, लिन. पापा आत नाही. पापानं सांगून ठेवलेली गोष्ट आहे. पापा मेलाय."

हे वाक्य ती त्या पावसाळ्यापासून पहिल्यांदा बोलली होती.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, इतक्या उशिरा का आणलं? लेर्मानं काही लपवलं नाही. वळण, धूर, फोन, सगळं सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत, सलाईन लावायला धावले. ते दोन दिवस वाईट गेले. तिसऱ्या दिवशी लिननं आंबा मागितला.

मुलीला घेऊन परतल्यावर पुढच्या रविवारी लेर्मा एकटीच वळणावर गेली. झोपडी रिकामी होती, तरी मेणबत्त्या घेऊन काही माणसं आलीच होती. भीती एका दिवसात जात नाही. तिनं कुणाच्या हातातली मेणबत्ती विझवली नाही.

"माझा नवरा मला कुणाहीपेक्षा जास्त हवा होता," ती म्हणाली. "म्हणूनच मी फसले. मेलेला माणूस बोलावत नाही, बायांनो. माणूस जातो, त्याचा आवाज यंत्रात राहतो, इतकंच. उद्या कुणी चमत्कार दाखवला तर घाबरा, घाबरण्यात लाज नाही. पण घाबरल्यावर तिथंच बसू नका. विचारा. तो कुठल्या भाषेत बोलतो, कुणाच्या फोनमध्ये बोलतो, आणि आपण तिथंच थांबलो तर फायदा कुणाचा. पोराला ताप आला तर वळण दिसायच्या आधी दवाखाना दिसला पाहिजे. आता ज्यांना यायचंय त्यांनी या, खाली धबधबा आहे. वाट निसरडी आहे, जपून उतरा."

आणि ती पुढं झाली.