दोन हातांचा टाळ

या, असे जवळ सरका. सतरंजी मोठी आहे आणि गोष्ट लहान. मार्तंडरावांची सांगतो. ऐकाल, तर पुढच्या कीर्तनाला तुमची नजर एका जागी जाईलच.

मार्तंडराव पस्तीस वर्षे इतवारीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात होते. पाणी भरायच्या पितळी गुंडावर बोटाच्या पेराने टक केलं, की कुठे बारीक चीर गेली आहे ते सांगत. गिऱ्हाईक डोळ्यांनी बघायचं, हे कानांनी. संध्याकाळी दुकान सुटलं की गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात महाराजांच्या मागे, टाळकऱ्यांच्या रांगेत, डाव्या टोकाला उभे. चाळीस वर्षे तीच फरशी. बायको, गोपिकाबाई, गेली त्या महिन्यातसुद्धा ते तिथेच होते. घरात बसून करणार काय?

मग न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, आता काठी जन्माची. पुण्याहून लेकीने, वंदनाने, चार पायांची काठी पाठवली. जमिनीवर ठेवली की आपली आपण उभी राहते.

"बाबा, काठी घेऊन राहिले ना?" ती रोज फोनवर विचारी.

"घेऊन राहिलो वं. माह्यापेक्षा काठीच बरी उभी राह्यते."

ती हसे, आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवी. मग घरात पंख्याचा आवाज तेवढा उरे.

अडचण अशी, की टाळकरी कीर्तनभर उभा असतो आणि टाळाला दोन हात लागतात. मार्तंडरावांकडे आता एकच उरला होता. काठी मनगटाला अडकवून पाहिली, तर तिसऱ्या आवर्तनालाच गुडघा कापू लागला. भिंतीला टेकून जमलं, पण महाराजांच्या मागे भिंत कुठली? पाच महिने रांगेविना गेले.

सप्ताह आठ दिवसांवर आला, तसं त्यांनी जोडीतला एक टाळ काठीच्या मुठीला सुताने करकचून बांधला. डाव्या हाताने काठी धरायची, उजव्या हातातला टाळ त्यावर मारायचा. घरात वाजवून पाहिला, आवाज बसका आला. खोली लहान आहे, देवळात खुलेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पस्तीस वर्षांत गिऱ्हाईकाला त्यांनी असं कधी समजावलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ऑटोने गेले. शेजारी उभे राहणारे मनोहरराव म्हणाले, "काहून गा मार्तंडा, काठीलेच टाळ देल्ला? मंग तिलेच उभी कर अन् तू घरी झोप."

"तिले ताल समजत नाही ना गा."

सगळे हसले. मार्तंडरावही हसले, कितीतरी दिवसांनी.

अभंग उचलला. बारा टाळ खणखणले आणि त्यांच्यात एक ठक्. दोरीला सैल लोंबतो तेव्हाच टाळ बोलतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? महाराजांनी वळून पाहिलं नाही. मनोहररावांनीही नाही. त्या न पाहण्यातच सगळं आलं. दुसऱ्या कडव्यापासून मार्तंडराव टाळ टाळाजवळ नेत होते, पण लावत नव्हते. दोन तास नुसता हात हलवत राहिले. पांडुरंगासमोर हे लबाडीचं वाटून डोळे मात्र मिटलेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूत सोडलं. जोडी मंदिरातल्या खुंटीला अडकवली आणि मागे खांबाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. समोर काठी उभी. अभंग सुरू झाला आणि बघतात, तर डाव्या टोकाची फरशी मोकळी. पलीकडचे दोघे मनोहररावांच्या अंगावर रेटत होते, तरी ते सरकत नव्हते.

कीर्तन संपल्यावर मार्तंडरावांनी विचारलं, "जागा होती ना गा. सरकला काहून नाही?"

"सवय नाही तिकडं सरकाची," मनोहरराव म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

मार्तंडराव घरी आले. कुलूप काढायला काठी बाजूला ठेवली. ती आपली आपण उभी राहिली, दोन्ही हात मोकळे झाले. दार उघडलं. आत पंखासुद्धा बंद होता.

तर बसा कधी कीर्तनाला, आणि टाळकऱ्यांच्या रांगेत डावीकडे बघा. एक फरशी रिकामी दिसली, तर विठ्ठलाच्या नावासोबत मार्तंडरावांचीही एकदा आठवण काढा.