जाहिरातवाली रूपा

शाळेत मले सारे 'जाहिरातवाली' म्हनत. साबन, मंजन, सायकल, केसाचं तेल, टीव्हीवरची जी म्हना ती जाहिरात मी चालीसकट गाऊन दाखवो. गुरुजीबी डब्बा खाता खाता ऐकत. म्हनून यंदा गणेशनं आमच्या दहावीच्या बॅचचा मेळावा रिसोडले आपल्या घरी ठेवला, तवा त्याच्या पोरीनं, संस्कृतीनं, खास माह्यासाठी खेळ काढला. मोठ्या टीव्हीवर जुन्या जाहिराती, आवाज बंद, निस्तं चित्र पाहून वळखायचं.

"पयला नंबर रूपामावशीचा!" ती म्हने.

पंचवीस वर्षं मालेगावले नर्स हावो मी. सुई टोचताना कदी चुकली नाही. त्या दिवशी पयल्याच चित्राले चुकली.

पडद्यावर एक पोरगी फ्रॉक घालून गरागरा फिरून राह्यली होती. मले काई समजेना. मंग एक बाई धबधब्याखाली उभी. मी म्हनलं, "सहलीची हाय का?"

सारे असे हासले का इचारू नका! माह्यासंगं शिकलेला सोमला म्हने, "अवं, साबनाची हाय ते! बुढी झाली आपली जाहिरातवाली!"

मीबी हासून मोकळी झाली असती. वय झालं म्हनलं असतं तं खेळ पुढं गेला असता. आजवर हेच करत आली ना मी! पन त्या दिवशी डोस्कंच फिरलं.

"आवाज लाव बेटा," मी म्हनलं.

आवाज लागला अन् पयल्या सुरालेच मी नाव सांगतलं. दहाच्या दहा.

"ऐकून येते, तं पाहून काहून नाही येत मावशी?" संस्कृतीनं इचारलं.

"कारन मी त्या कदी पाह्यल्याच नाही. गावात टीव्ही एकच, तुह्या आजोबाच्या घरी. आमच्या बौद्धपुऱ्यातल्या पोराइले आत येऊ देत नव्हते. आमी बाहीर भिताडाले पाठ लावून ऐकत बसो. आमच्या घरी टीव्ही आला तवा त्या जाहिराती बंदच झाल्या होत्या. धुन्याच्या पावडरीचं गानं लागलं का मले माही माय दिसे, नाल्यावर कपडे आपटनारी. अन् ते साबनवाली बाई तं मी न्हानीतच बसवली होती!"



गणेश चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. "मले माहीत होतं," तो म्हनला. "म्हनून तं जाहिरात लागली का मी आवाज वाढवो. बाबाचा मार खाल्ला त्यापायी."

माह्या डोळ्यात टचकन पानी आलं. तवा नऊ-दहा वर्षांचं लेकरू ते! लई माया आली मले त्याची. अन् रागबी आला, खोटं कायले बोलू?

"आवाज वाढवाले उठत होता, तं दार दोन पावलांवर होतं ना रे गणेश. ते काहून नाही उघडलं?"

लहान होतो, बाबाचा धाक होता, असं तो म्हनू शकत होता. त्यानं पोरीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"तवा मलेबी वाटे का तुही जागा बाहीरच हाय," तो म्हनला. "चुकलं माह्यं, रूपा."

इतक्या वर्षांत त्या गावातल्या एकाबी मानसानं मले हे म्हनलं नव्हतं. साऱ्याइच्या समोर मी ढसाढसा रडली.